ओढणें, फरफटणें आणि टोचन

शेतीचें काम म्हणजे मुळांत ओढण्याचें काम होय, हें आपल्या पूर्वजांनीं केव्हांच ओळखलें होतें. संस्कृतांत 'कृष्' ह्या धातूचा अर्थ ओढणें. त्यावरूनच कर्षण, कृषि व कृषीवल हे शब्द झाले. इंग्रजी भाषेंतही हाच प्रकार दिसतो. 'ट्रॅक्टर' हा शब्द ओढणें ह्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघाला असून आगगाडीची 'ट्रेन' त्याच घरची आहे. 'योक' आणि आपलें 'जूं' हीं तर भावंडेंच. क्रिकेटची 'टीम' हा शब्दही एके काळीं एकत्र जुंपलेल्या जनावरांना लावीत, हें ऐकून कित्येकांस मौज वाटेल.

सोलापूर जिल्ह्यांत गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे उंसाच्या दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्तोरस्तीं दिसतात. ह्या यंत्रांच्या पुस्तिकांत आणि मिस्त्रीच्या तोंडीं ओढण्याचे पांच-सहा इंग्रजी शब्द येतात, व आपण त्या सर्वांचा अर्थ 'ओढणें' असा एकच करून मोकळे होतों. परंतु त्यांतील भेद केवळ शाब्दिक नाहीं. कोणती वस्तु कोठें बांधावी हें त्यावर ठरतें, आणि तेथें चूक झाल्यास माणूस जिवास मुकतो.

'पुल' हा सर्वांत ढोबळ शब्द. 'ड्रॅग' म्हणजे फरफटणें. तोडलेलें झाड बांधावरून घासत नेतों तें ड्रॅग. 'हॉल' ह्या शब्दांत ओझें व अंतर हीं दोन्ही येतात. त्याचें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंजिनियरानें उभारलेली, अडीच फूट रुंदीच्या मार्गाची बार्शी लाईट रेल्वे १८९७ सालीं बार्शी आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान धांवूं लागली. हलक्या रुळांवरून जास्तींत जास्त माल जावा म्हणून त्यानें कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक भार येऊं नये अशी योजना केली होती. तो मार्ग आतां रुंद झाला आहे. पण ओढीच्या जोराइतकीच ओझ्याची वांटणी महत्त्वाची, ही गोष्ट ट्रॉली भरतांना आजही ध्यानांत धरण्यासारखी आहे.

'ड्राफ्ट' म्हणजे अवजारास लागणारी ओढ. बैल दिवसभर काम करतांना साधारणतः आपल्या वजनाच्या एक-दशांश ओढ टिकवितो. चारशें किलोंचे दोन खिलार जुंपले तर ती सुमारें ऐंशी किलो होते. ट्रॅक्टरची जी हॉर्सपॉवर आपणांस सांगतात ती इंजिनाची असते. ड्रॉबारवर, म्हणजे मागील ओढदांड्यावर, ती सगळी मिळत नाहीं. चाकें घसरतात, आणि यंत्रास स्वतःचा भारही वाहून न्यावा लागतो. भुसभुशीत काळ्या रानांत ही तूट अधिकच वाढते. मध्यप्रदेशांतील बुदनी येथील सरकारी संस्थेच्या परीक्षा-अहवालांत ड्रॉबारची शक्ति निराळी दिलेली असते. खरेदीपूर्वीं तो आंकडा अवश्य पाहावा.

आतां 'टो'. एका वाहनानें दुसरें वाहन मागें बांधून नेणें, हा त्याचा अर्थ. 'टो' आणि 'चेन' मिळून आपल्या रस्त्यांवर 'टोचन' हा शब्द रूढ झाला. टोचण्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. उंसाच्या फडांत ट्रॉली रुतली कीं दुसरा ट्रॅक्टर आणून टोचन लावितात, आणि घातही बहुधा येथेंच होतो. घाईंत सांखळी ड्रॉबारला न लावितां वर, नांगराच्या वरच्या दांड्याच्या खुंटीला अडकवितात. मागील ओझें हलत नाहीं व इंजिन जोर करीत राहतें. अशा वेळीं मागच्या आंसाभोवतीं सगळा ट्रॅक्टर फिरूं लागतो आणि तोंड वर उचलून चालकाच्या अंगावर उलटतो. उडी टाकण्यासही सवड मिळत नाहीं. सांखळी आंसाच्या खालीं, ड्रॉबारला असेल तर तोंड उचलूं लागतांच ड्रॉबार खालीं जातो आणि उलटविणारा जोर कमी होतो. बैल अडला म्हणजे थांबतो; यंत्रास ती समज नाहीं.

हा धोका नवा नव्हे. पूर्वींचे फोर्डसन ट्रॅक्टर नांगर अडखळतांच मागें उलटत, अशी त्यांची अपकीर्ति होती. आयर्लंडांतील हॅरी फर्ग्युसन ह्यानें अवजार तीन ठिकाणीं जोडण्याची युक्ति काढली, तींत नांगराची ओढच ट्रॅक्टरचें तोंड खालीं दाबून धरते. ती खुंटी नांगरासाठीं आहे, टोचनासाठीं नव्हे, एवढें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें.

आणखी दोन गोष्टी. 'टो' म्हणजे संथ व सतत ओढ. हिसका देण्यास 'जर्क' हा निराळा शब्द आहे. म्हणून सांखळी आधीं हळूहळू ताणून घ्यावी, मग जोर लावावा. ढिल्या सांखळीस हिसका बसल्यास ती तुटून गोळीसारखी येते, सबब तिच्या टप्प्यांत कोणी उभें राहूं नये. दुसरें, बंद पडलेलें वाहन उतारावर ओढणाऱ्यासच ढकलूं लागतें. अशा ठिकाणीं सांखळीऐवजीं लोखंडी दांडा वापरावा, आणि मागील वाहनाच्या चाकावर जाणता माणूस बसवावा. इंजिन बंद असतां पॉवर स्टिअरिंगचें चाक जड जातें, हें त्यास निघण्यापूर्वींच सांगून ठेवावें.