धूर नाही, मग डोकं जड का?

"धूर गेला, आता नुसते निखारे आहेत, घमेलं आत घ्या." गंगापूरकडच्या गावांत थंडी पडली की हे हमखास कानावर येतं. अंगणात पऱ्हाट्या, तुराट्या पेटवायच्या, विस्तव घमेल्यात भरून झोपायच्या खोलीत न्यायचा, दार लावायचं आणि फटीत जुनं लुगडं कोंबायचं. सकाळी डोकं जड, मळमळ, काही सुचत नाही, साधं नाव आठवत नाही. मग घरातलं कुणीतरी सांगतं, थंडी बाधली.

अहो, थंडीला दोष देण्याआधी त्या घमेल्याकडे बघा! धूर म्हणजे जळणातले न जळलेले कण. ते गेले म्हणून धोका जात नाही. बंद खोलीत निखाऱ्यांना हवा कमी पडली की कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यानं डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो सुमारे २० टक्के. म्हणून आधी मंदावतो तो मेंदूच. विषबाधा जास्त झाली तर माणूस झोपेतच जातो. वाचलेल्यांपैकी काहींना विसरभोळेपणा आणि लक्ष न लागणं काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही सुरू होतं.

"पण ऑक्सिमीटर तर ९८ दाखवतोय!" कोरोनानंतर घरोघरी आलेल्या या यंत्रावर इथं अजिबात विसंबू नका. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइडनं अडवलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. आकडा चांगला दिसतो, माणूस गुदमरत असतो.

ओळखायचं कसं? एकाच खोलीत झोपलेल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच सकाळी दुखतं, ताप कुणालाच नसतो आणि शेतात गेल्यावर बरं वाटतं. असं झालं तर घमेलं त्याच दिवशी बाहेर काढा. कुणी गुंगीत असेल, तर त्याला आधी मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायलाच चार-पाच तास लागतात. दवाखान्यात शुद्ध ऑक्सिजन दिला की तो बराच लवकर उतरतो.

खोलीत पाण्याची बादली ठेवली की वायू शोषला जातो, हेही ऐकतो. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

बंद न्हाणीघरातला गॅस गिझरही हाच वायू सोडू शकतो. गिझर बाहेर बसवा.

झोपायच्या खोलीत लावलेली डासांची कॉइलही निरुपद्रवी नाही. २००३ साली 'एन्व्हायर्नमेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्ह्ज' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. मच्छरदाणी लावा.

कुंडीतल्या झाडानं खोलीची हवा शुद्ध होत नाही. तो दावा नासाच्या १९८९च्या अभ्यासावरून पसरला आणि ते प्रयोग हवाबंद पेटीतले होते.

आणि डोकं जड होणं, काही न सुचणं, नाव न आठवणं याला ब्रेन फॉग म्हणतात. तो स्वतंत्र आजार नव्हे, लक्षणांचा समूह आहे. घर हवेशीर असूनही डोकं जड राहत असेल, तर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या आणि झोप पुरेशी होते का तेही डॉक्टरांना सांगा.