घासाले सोपी, टिकाले कच्ची

उन्हाळ्यात धरणांचं पाणी उतरलं, की वऱ्हाडात बोटींच्या दुरुस्तीचे दिवस येतात. समुद्रकाठी असतात तशा बोटींच्या खास कार्यशाळा इथे कुठून असणार? अकोल्यात कूलरची बॉडी आणि टाक्या घडवणारा फायबरवालाच बोटीलाही हात लावतो. अशाच एका शेडमध्ये मासेमारीची बोट पालथी घातलेली पाहिली. तळाला खडक लागून गेलेली वीतभर चीर होती आणि आधी कुणीतरी ती मोटारीच्या बॉडी पुट्टीने बुजवली होती.

कारागिराने छिन्नी लावताच पुट्टीची खपली सुटली. आतून ओलीच! या पुट्टीत टाल्क भरपूर असतं. ती झटपट वाळते, पॉलिश पेपरने छान घासली जाते. पण सतत पाण्यात राहिली की ओल पिते. शिवाय तिच्यात धागा नसतो. "घासाले सोपी, टिकाले कच्ची," तो म्हणाला.

फळीवर त्याचे डबे होते. एरोसिल, म्हणजे अतिशय बारीक सिलिका. चिमूटभराने काही होत नाही, पण पुरेसं घातलं की रेझिन श्रीखंडाइतकं घट्ट होतं आणि उभ्या बाजूवरून ओघळत नाही. वाळल्यावर मात्र घासताना घाम काढतं. मायक्रोबलून म्हणजे पोकळ सूक्ष्म गोळ्या. त्या हलक्या असतात आणि सहज घासल्या जातात, म्हणून पृष्ठभाग सारखा करण्यापुरत्याच चालतात. पाण्याखालच्या किंवा ताणाच्या जागी त्या नकोत. तिसऱ्या डब्यात काचेच्या धाग्यांचा चुरा. कोपरे आणि खोल खड्डे भरायचे ते याच्याच लगद्याने, कारण त्यातले धागे भेग पुढे सरकू देत नाहीत.

पण सर्वांत मजबूत भराव कोणता, हे विचारल्यावर त्याने डब्यांऐवजी ग्राइंडर दाखवला. चिरेच्या कडा तिरक्या घासायच्या, जाडीच्या साधारण १२ पट. तळ ४ मिलिमीटरचा असेल, तर प्रत्येक बाजूला जवळपास ४८ मिलिमीटर उतार. त्या उतारावर काचेच्या कापडाचे थर चढतात आणि ताण तेच झेलतात. भरावाने फक्त पोकळी राहू द्यायची नाही.

रेझिनचा हिशेब वेगळा. पॉलिस्टर स्वस्त, पण वाळताना आकसतं आणि जुन्या तळाला इपॉक्सीइतकं घट्ट धरत नाही. म्हणून पाण्याखालच्या चिरेला त्याने इपॉक्सी निवडलं. मग काचेच्या तुटक धाग्यांची चॉप मॅटही बाजूला राहिली. तिचे धागे बांधणारा पदार्थ पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतं. इथे विणलेलं कापडच हवं. वरून पॉलिस्टरचा चकचकीत थर, म्हणजे जेलकोटही टाळायचा, कारण इपॉक्सीवर तो नीट वाळेलच असं नाही. रंगच बरा.

त्यात अकोल्याचं ऊन! पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा कालवलेलं रेझिन डब्यातच तापून दगड होतं. पॉलिस्टरला हार्डनर १ ते २ टक्क्यांत कमीजास्त करता येतो. अकोल्याच्या दुपारी १ टक्काही घाईचा वाटतो, तर चिखलदऱ्याच्या शक्कर तलावावरची बोट थंडीत जागेवरच दुरुस्त करायची झाली तर २ लागतील. इपॉक्सीचं प्रमाण मात्र ठरलेलं, ते हलवलं तर काम कच्चं राहतं. म्हणून कारागीर पहाटे काम उरकतो, संथ हार्डनर वापरतो, थोडंथोडं कालवतो आणि पसरट ताटलीत ओततो. पॉलिस्टर लवकर वाळवणारं कोबाल्ट आणि त्याचा हार्डनर तर तो एका फळीवरही ठेवत नाही. दोन्ही थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडू शकतो. घासताना तोंडावर मास्क असतो. काचेची धूळ दुपट्ट्याला जुमानत नाही.

रंग चढला की चांगली आणि वाईट दुरुस्ती सारखीच चकाकते. म्हणून बोटवाल्याने रंगाआधी एकदा शेडमध्ये यावं आणि चिरेभोवतीचा उतार किती रुंद घासलाय, कापडाचे थर किती बसलेत, ते स्वतः पाहावं. कोणती पुट्टी वापरली, हे त्यानंतर विचारलं तरी चालेल.