अठरावें वर्ष सरल्यावर

विद्यार्थिमित्रहो, अठरावें वर्ष पुरें झालें म्हणजे तुमच्या घरीं पेढे वांटले जातील. बालगृहांत वाढलेल्या मुलास मात्र त्यानंतर तें छप्पर सोडावें लागतें.

सन 2015 च्या बालन्याय कायद्यानें अशा तरुणांस 21 व्या वर्षापर्यंत साहाय्य देऊं केलें आहे. विशेष प्रसंगीं 23 पर्यंत. त्यांच्या वसतिस्थानास आपल्याकडे अनुरक्षणगृह म्हणतात. महाराष्ट्र सरकारनें 2018 सालीं अनाथांकरितां शिक्षणांत व नोकरींत 1 टक्का जागा राखल्या. त्यास अनाथ प्रमाणपत्र लागतें. बालगृहांत असतांनाच तें काढून ठेवणें शहाणपणाचें, कारण मागाहून कागद जमवितांना फार यातायात पडते.

इतकें होऊनही आमच्या दहिसरास खोली घ्यावयाची तर अनामत रक्कम हवी. पगार महिनाअखेर मिळणार. तोंवर लोकलचा पास कशाच्या बळावर काढावा? आणि रात्रीं ताप भरला तर हांक कोणास मारावी, हें कोणत्या नियमांत लिहिणार?

पालकहो, घरमालक प्रथम विचारतो, “घरीं कोण कोण असतें?” या प्रश्नापाशीं मुलगी गप्प होते. अशा वेळीं आपणांपैकीं कोणी सोबत जाऊन “आम्ही हिला ओळखतों” एवढें सांगितलें, तर बोलणें पुढें भाड्यावर येतें.