वितभर कापडाचं पाकीट

ब्लाऊज शिवणाऱ्या बाईच्या टेबलाखाली संध्याकाळी जो ढीग साठतो, त्याला सरसकट चिंध्या म्हणणं बरोबर नाही. नीट पाहिलं तर त्यात ओळखीचे तुकडे निघतात. गळा कापताना सुटलेला अर्धगोल, मुंढ्यातून पडलेल्या वाकड्या फाका, बाहीच्या दोन्ही अंगांचे त्रिकोण आणि सगळं कापून झाल्यावर कडेला राहिलेली लांब पट्टी. साडीला जोडून येणारं ब्लाऊजपीस साधारण ८० सेंटीमीटरचं असतं. मध्यम बांध्याची बाई आणि आखूड बाही असली, तर ही पट्टी चांगली वितभर रुंद उरते. छोटी पाकिटं आणि पाऊच शिवणाऱ्या बायकांचा डोळा असतो तो या पट्टीवर. बाकीच्या फाका आणि त्रिकोण त्याही सोडून देतात.

हे सोडून दिलेलं कुठे जातं? तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलावर दहा ते पंधरा टक्के कापड वाया जातं, असा त्या धंद्यातला सर्वसाधारण अंदाज आहे. तिथल्या बनियनच्या कात्रणाच्या गासड्या बांधल्या जातात आणि ते कात्रण गॅरेजमध्ये हात अन् इंजिनं पुसायला येतं. काही गाद्या-उशांत भरलं जातं. घरातल्या चिंध्यांना मात्र आपल्याकडे पूर्वापार एक हक्काची जागा होती, ती म्हणजे गोधडी. गोधडीला तुकडा कसाही चालतो. फाटका, विटका, तिरका, कुठलाही. जुन्या लुगड्याच्या थरांवर तो ठेवायचा, धावदोरा घालत पुढे जायचं, सगळं सामावून जातं. पाकिटाचं तसं नाही. पाकीट हाताळलं जातं, ओढलं जातं, त्यात नाणी पडतात, ते पिशवीच्या तळाशी किल्ल्यांबरोबर घासलं जातं. त्यामुळे तुकडा लहान चालतो, पण तो धड लागतो आणि सरळ धाग्यात कापलेला लागतो. मुंढ्याच्या फाका टाकून द्याव्या लागतात त्या याच कारणाने. त्यांच्या कडा उरेब जातात, उरेब कापड ताणलं जातं आणि चार दिवसांत पाकिटाचं तोंड वाकडं होतं.

नऊवारीला खिसा नसतो आणि धोतरालाही नसतो. पैसे कनवटीला खोचायचे किंवा पदराच्या टोकाला गाठीत बांधायचे. त्याहून जास्त काही जवळ बाळगायचं तर कापडाचा कप्पा शिवून घ्यायचा. त्यातूनच आपल्याकडे या शिवणीचं एक अख्खं गोत उभं राहिलं. चंची हा त्यातला सगळ्यात हुशार नमुना, असं माझं मत आहे. एका लांबट कापडावर एकामागे एक कप्पे, प्रत्येकाची खोली वेगळी. पान एकात, सुपारी दुसऱ्यात, कात तिसऱ्यात, चुन्याची डबी आणि तंबाखू आपापल्या जागी, अडकित्त्याला सगळ्यात खोल कप्पा. मग सगळं गुंडाळायचं, टोकाला शिवलेली लांब दोरी त्यावर फिरवायची आणि खोचून टाकायची. बटण नाही, हुक नाही, धातूचा एक कणही नाही. चारचौघांत बसून चंची सोडली की ती सगळ्यांपुढे फिरायची, म्हणून तिचे कप्पे आतून बघितले तरी चांगले दिसतील असे शिवलेले असत. वेगवेगळ्या रंगांचे तुकडे तिथे मुद्दाम वापरत, कारण रंगावरून कप्पा अंधारातही अंदाजाने सापडतो असं म्हणता येणार नाही, पण कंदिलाच्या उजेडात नक्की सापडतो.

बटव्याची युक्ती वेगळी. त्याचं सगळं शहाणपण नेफ्यात आहे. नेफ्यातून एकच नाडी ओवली तर तोंड एका अंगाला गोळा होतं आणि दुसऱ्या अंगाला फट राहते. म्हणून दोन नाड्या घ्यायच्या. एक डावीकडून आत जाऊन पूर्ण फेरा मारून डावीकडेच बाहेर, दुसरी उजवीकडून तशीच. दोन्ही हातांनी ओढलं की चुण्या सारख्या पडतात आणि तोंड घट्ट मिटतं. टोकांना जे गोंडे किंवा मणी लावतात, ते शोभेचे वाटले तरी त्यांचं काम नाडी नेफ्यात परत शिरू न देणं हे आहे.

आणि गोमुखी. जपाची माळ आणि माळ ओढणारा हात दोन्ही झाकणारी, गाईच्या तोंडासारखी वळलेली ही पिशवी आजही घरच्या उरलेल्या कापडातूनच शिवली जाते. जपात तर्जनी मण्यांना लागू नये असा संकेत आहे, म्हणून काही गोमुख्यांना ते बोट बाहेर काढायला छिद्र ठेवतात. काटकोनात वळणारी शिवण, आत अस्तर आणि हात अडकणार नाही इतका मोकळेपणा हे सगळं जुळवणं दिसतं तितकं सोपं नाही. शिवणक्लासात हल्ली ती कोणी शिकवत नाही. आजी, मावशी किंवा शेजारच्या काकू यांच्याकडून नमुना मागून आणावा लागतो.

आजचं पाकीट या सगळ्यांहून जास्त मापात बांधलेलं आहे, कारण त्यात जाणाऱ्या वस्तू छापील मापाच्या आहेत. बँकेचं कार्ड ८५.६ मिलिमीटर लांब आणि जेमतेम ५४ मिलिमीटर रुंद, जगभर हेच माप. पाचशेची नवी नोट १५० बाय ६६ मिलिमीटर. शंभराची जुनी नोट अजून चलनात आहे आणि ती १५७ बाय ७३ आहे. मधोमध दुमडणारं पाकीट शिवायचं, तर दोन्ही पानांवर एकेक आडवं कार्ड बसायला हवं. दोन कार्डं मिळूनच १७ सेंटीमीटर होतात. त्यात दोन्हीकडे बोटभर सैलपणा आणि मधल्या घडीला सेंटीमीटरभर जागा धरली की तयार पाकीट साडेएकोणीस सेंटीमीटर होतं. शिवणीसाठी दोन्ही बाजूंना एकेक सेंटीमीटर सोडायचं, म्हणजे कापड साडेएकवीस. थोडक्यात, रुंदी कार्ड ठरवतं आणि उंची नोट. २०१६ पूर्वी हजाराची नोट १७७ मिलिमीटर लांब होती, तेव्हा रुंदीचा हिशेबही नोटेला विचारूनच करावा लागे. त्यानंतरच्या सगळ्या नोटा आखूड आणि बुटक्या झाल्या, तरी जुन्या शंभराच्या नोटेपायी पाकिटाची उंची साडेआठ सेंटीमीटरच्या खाली आणायला शिवणाऱ्या बायका धजत नाहीत. कोणाच्या तरी पाकिटातून नोटेचा कान बाहेर डोकावला की ते पाकीट परत येतं.

कार्डांचे कप्पे वेगवेगळे शिवत नाहीत. एकच लांब पट्टी घेऊन तिच्या चुण्या घालतात. साडेचार-पाच सेंटीमीटर खाली, मग तितकीच वर, पुन्हा खाली, दर वेळी दीड सेंटीमीटर मागे सरकत. तीन कप्प्यांना फुटाहून थोडी जास्त लांबी लागते. ब्लाऊजपीसची ती कडेची पट्टी इथे कामाला येते. ती पुरेशी रुंद नसली तर दोन अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी लावतात आणि जोड नेमका मधल्या घडीवर आणतात. तिथे तसंही दोन कप्पे वेगळे करायला टीप मारायचीच असते, जोड तिच्याखाली बुजून जातो.

या चुण्यांमुळेच मशीन कुरकुरतं. कडेला वरचं कापड, कॅनव्हास, अस्तर आणि तीन चुण्यांचे थर एकावर एक येतात आणि त्यावर मगजी. ब्लाऊजला चालणारी १४ नंबरची सुई इथे वाकते किंवा टाका सोडते; १६ नंबरची लावावी लागते आणि कोपऱ्यावर पाय काढून घेऊन चाक हाताने फिरवावं लागतं. जुन्या काळ्या पायमशीनवर हे काम चांगलं होतं. प्लॅस्टिकच्या अंगाची, वजनाला हलकी, पंचवीस नक्षीटाके देणारी मशीन कोपऱ्यावर आली की नुसती गुरगुरते.

चेनच्या पाऊचला थर कमी असतात, डोकं जास्त लागतं. चेन वरचं कापड आणि अस्तर यांच्या मधे धरून दोन्ही बाजूंनी शिवायची. मग दोन्ही वरची कापडं एकमेकांवर, दोन्ही अस्तरं एकमेकांवर, उलट्या बाजूने, आणि चारी कडांना टीप. अस्तराच्या तळाशी चार बोटं जागा न शिवता सोडायची, तिथूनच सगळं उलटवून बाहेर काढायचं. या टिपेआधी चेन अर्धी उघडी करून ठेवायला विसरलं, तर पाऊच आतल्या आत बंद होतो आणि उसवण्यावाचून गत्यंतर नाही. पहिल्यांदा शिवणारी प्रत्येक बाई हे एकदा तरी करते. चेन मीटरवर विकत मिळते, रनर वेगळे. नाण्यांच्या पाऊचला तळाला दुहेरी टीप हवीच. दहाचं एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, पंधरावीस नाणी झाली की ते वजन रोज त्या एका शिवणीवर आदळत असतं.

कापडाच्या स्वभावाबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण सध्या सगळ्यात जास्त मागणी खणाच्या आणि पैठणीच्या पाकिटांना आहे. खण मूळचा उत्तर कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. तो चोळीपुरताच, कमी पन्ह्याचा विणला जायचा. चोळी बेतणारीही अशी होती की अंगठ्याएवढा तुकडासुद्धा उरू द्यायची नाही. काखेत चौकोनी ठिगळ बसवायचं तेही त्याच खणातून. खणाच्या पाकिटांची परंपरा जुनी आहे असं दुकानात कोणी सांगू लागलं, तर एवढं लक्षात ठेवावं. पूर्वी खण उरतच नव्हता. गोल गळ्याचं आणि गोल मुंढ्याचं ब्लाऊज आलं, तेव्हा तो उरायला लागला.

पैठणीचं पाकीट शिवताना आधी तुकडा उलटा करून बघतात. हातमागावर विणलेल्या पैठणीची मोर-मुनियांची नक्षी मागूनही जवळजवळ तशीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या पैठणीला मागे कापलेल्या धाग्यांचं जंगल असतं. असा तुकडा अस्तराशिवाय वापरला की किल्ली त्या धाग्यांत अडकते आणि एका ओढीत मोराची मान उसवते. जुन्या साडीचं रेशीम घडीवर तडकलेलं असतं. दोन्ही हातांत धरून आडवं ओढायचं, आवाज आला की तो भाग बाद. राहिलेल्या तुकड्याला कापण्याआधीच मागून फ्यूजिंगचं कापड मंद इस्त्रीने चिकटवायचं, कारण कापल्यावर रेशमाच्या कडा बघता बघता सुटतात. खऱ्या जरीचे काठ मात्र पाकिटापर्यंत क्वचितच पोचतात. जुन्या जरीच्या साड्या विकत घेणारे त्यातली चांदी गाळायला नेतात.

आता पैशाचं. या धंद्याचा हंगाम संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटायला पाऊच स्वस्त, उपयोगाचा आणि देखणा. म्हणून मार्गशीर्षातच पन्नास, शंभर नगांच्या ऑर्डरी येऊ लागतात. त्यापुढे लग्नसराईत अक्षतांच्या आणि सुपारीच्या पोटल्या, रुखवताला गोमुख्या आणि बटवे. बचत गटांचे स्टॉल मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये असोत की पुण्याच्या भीमथडी जत्रेत, पाकिटांच्या टेबलाशी गर्दी असते आणि तिथे एक संवाद दर दहा मिनिटांनी ऐकू येतो. "ताई, उरलेल्या कापडाचंच आहे ना, मग इतके कसे?"

प्रश्न विचारणारीला वाटतं की कापड फुकटचं, म्हणजे पाकीट स्वस्त. गणित नेमकं उलटं आहे. ताग्याचं नवं कापड असलं की त्याचे दहा थर एकावर एक ठेवून एकाच कात्रीत दहा पाकिटं कापता येतात, एकाच रंगाचा दोरा लावून दिवसभर टिपा मारता येतात. कात्रणातून प्रत्येक तुकडा वेगळा उचलायचा, धागा कुठे जातो ते बघायचं, डाग चुकवायचा, जोड कुठे आणायचा ते ठरवायचं, त्याला शोभेल असं अस्तर शोधायचं, दोरा बदलायचा. शिवायला पाऊण तास लागत असेल तर जुळवायला तितकाच वेळ जातो आणि त्या वेळेचे पैसे आजवर कोणी मागितल्याचं किंवा दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. चेन, रनर, कॅनव्हास, टिचबटणं हे सगळं तर विकतचंच. कापडाच्या किमतीत जे वाचतं त्याहून जास्त मजुरीत जातं.

म्हणूनच शंभर वाणांची ऑर्डर आली, आणि सगळी एकसारखी हवीत असं बाईंनी बजावलं, की शिवणारी गुपचूप बाजारातून चार मीटर खण आणते. यात तिचा दोष मला दिसत नाही. पण त्या पाकिटावर 'टाकाऊतून टिकाऊ' अशी चिठ्ठी लावून ते विकणं खोटं आहे, आणि हल्ली प्रदर्शनांमधे अशा चिठ्ठ्या फार दिसतात. खरं कात्रणाचं पाकीट ओळखायला अवघड नाही. टेबलावर एकाच रंगाची चार पाकिटं असतील तर शंका घ्यावी. चेन उघडून आत बोट घालावं: अस्तर वरच्या कापडाशी न जुळणारं असेल, कार्डांच्या चुणीत मधेच एक जोड लागेल, आतला एखादा कप्पा वेगळ्याच साडीचा निघेल. आणि शिवणारीला विचारावं, हा तुकडा कशातला? ताग्यातला असेल तर ती भाव सांगेल. कात्रणातला असेल तर ब्लाऊज कोणाचं होतं ते सांगेल.