नाव आहे, पण प्राणी कोणता?

राजारामपुरीतील एका शाळेच्या प्रयोगशाळेत डायनोसॉरचा जुना तक्ता टांगलेला आहे. त्यातील 'टायटॅनोसॉरस इंडिकस' या नावावर बोट ठेवून एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले, "हे नाव आता संदिग्ध मानतात म्हणे. मग हा प्राणी नव्हताच का?"

प्राणी होता. शंका आहे ती नावाविषयी.

१८२८ साली कॅप्टन स्लीमन यांना जबलपूर येथे काही हाडे मिळाली. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी प्रामुख्याने शेपटीच्या दोन अपूर्ण मणक्यांवरून हे नाव दिले. मणक्याची पुढची बाजू खोलगट आणि मागची फुगीर, ही त्याची खूण. १८७९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील अवशेषांवरून त्यांनी 'टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी' ही आणखी एक जाती नोंदवली.

पुढे दक्षिण अमेरिकेपासून मादागास्करपर्यंत असेच मणके असलेले अनेक डायनोसॉर सापडले. एकाची खूण सर्वांची झाली! नुसत्या चाकावरून वाहन सायकल आहे हे कळते. ती कोणाची, हे कळत नाही. तसेच हे झाले. म्हणून २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी फेरतपासणी करून ही दोन्ही नावे संदिग्ध ठरविली. 'टायटॅनोसॉरिया' हे मोठ्या गटाचे नाव मात्र टिकले.

याच जिल्ह्यातील डोंगरगावचा सांगाडा याहून भाग्यवान ठरला. त्यात मान, पाठ व शेपटीचे मणके, खांद्याची आणि कमरेची हाडे होती. जैन आणि बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याला 'टायटॅनोसॉरस कोलबर्टी' म्हटले. प्रजातीचे नावच डळमळल्यावर २००३ मध्ये तो 'आयसिसॉरस कोलबर्टी' झाला. पहिले नाव बदलले, जातिवाचक दुसरे नाव कायम राहिले. नव्या नावातील 'आयसि' म्हणजे आय.एस.आय., अर्थात हा सांगाडा अभ्यासणारी कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था.

संदिग्ध नाव खोडले जात नाही. ते आपल्या मूळ नमुन्याशी बांधलेले राहते. म्हणून नमुना जपणे महत्त्वाचे. जबलपूरचा हरवलेला मणका कोलकात्याच्या संग्रहात पुन्हा सापडल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आता तो कोणालाही पुन्हा तपासता येईल.

वर्गात एखादे शास्त्रीय नाव आले की तीन प्रश्न विचारावेत: मूळ नमुना कोणता? तो कोठे ठेवला आहे? कोणत्या खुणेने तो इतरांहून वेगळा ठरतो?

तो तक्ता काढून टाकू नये, असे आम्ही सुचविले. नावाशेजारी एक चिठ्ठी चिकटवावी: 'नाव संदिग्ध, २००३.' ती चिठ्ठी त्या विद्यार्थिनीनेच लिहिली.