ॲव्हरेज किती देते?

गाडी शोरूममधून आणलेली असो की सेकंडहँड, बघायला आलेला माणूस टायर दाबतो, हॉर्न वाजवतो आणि विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" खिशाचा प्रश्न आहे, तो विचारायलाच हवा. पण हाच प्रश्न नेटाने शेवटपर्यंत विचारत गेलं तर तो खिशातून निघून थेट वातावरणात पोचतो. आणि मग कोणती गाडी चांगली, याबद्दल आपण धरून चाललेलं बरंच काही बदलावं लागतं.

सुरुवात पंपावर करू. "काका, झिरो बघा," असं म्हणत मुलगा टाकीत एक लिटर पेट्रोल सोडतो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं; लिटरचं वजन साधारण ७४० ग्रॅम. दोन दिवसांत ते संपतं, असं आपण म्हणतो. पण संपत काहीच नाही. त्या ७४० ग्रॅममध्ये सुमारे ६४० ग्रॅम कार्बन असतो. इंजिनात जळताना कार्बनचा एकेक अणू हवेतल्या ऑक्सिजनचे दोन-दोन अणू धरून घेतो. १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन, असा हा हिशेब. म्हणून पाऊण किलोही न भरणाऱ्या द्रवातून सायलेन्सरवाटे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जास्तीचं वजन हवेतून आलेलं असतं. या वायूला नेहमीच्या तापमानाला बाराशे-तेराशे लिटर जागा लागते. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. एका लिटर पेट्रोलचा वायू तिच्यात मावणार नाही.

या वायूला रंग नाही, वास नाही. पीयूसीच्या कागदावर त्याच्यासाठी मर्यादा नाही, कारण तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन यांची परीक्षा असते. इंजिन जितकं निर्दोष, तितका इंधनातला कार्बन अधिक पूर्णपणे जळतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊनच बाहेर पडतो. हा दोष गाडीचा नाही, इंधनाचा आहे. सर्व्हिसिंग करून तो जात नाही.

१८५६ साली युनिस फूट या अमेरिकी संशोधक बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली आणि सावलीत आणल्यावर थंड व्हायलाही तिला खूप वेळ लागला. पुढे शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी त्याचं कारण शोधलं. नायट्रोजन आणि ऑक्सिजन जमिनीतून परत जाणारी उष्णता अडवत नाहीत. कार्बन डायऑक्साइडचा रेणू ती शोषतो आणि चारी दिशांना पुन्हा सोडतो, त्यातली काही खालीच येते. १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे अचूक मोजमाप सुरू झालं, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर आहेत. आपण सोडतो त्यातला निम्म्याच्या आसपास समुद्र आणि झाडं घेतात. उरलेल्यातला बराचसा शतकानुशतकं राहतो. १९७२ मध्ये बजाज चेतक रस्त्यावर आली. त्या काळच्या धुराने घातलेल्या भरीतला काही वाटा आजही वर आहे.

आता ॲव्हरेज. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी चाकांपर्यंत जेमतेम पाव भाग पोचतो. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. चाकांपर्यंत पोचलेली ऊर्जाही मुख्यतः गाडीलाच हलवण्यात खर्च होते. हजार-अकराशे किलोच्या मोटारीत पासष्ट किलोचा एकटा माणूस बसला, तर त्याच्या वाट्याला इंधनातली जेमतेम दीड टक्का ऊर्जा येते. उरलेली साडेअठ्ठ्याण्णव टक्के उष्णता आणि लोखंड यांच्यासाठी. माझ्या मते वाहनांविषयीच्या साऱ्या चर्चेतली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि जाहिरातीत ती कधीच नसते.

म्हणून लिटरला किती किलोमीटर यापेक्षा लिटरला किती माणसं किती किलोमीटर, असा हिशेब मांडायला हवा. शहरात एकटा माणूस घेऊन मोटार लिटरला १५ किलोमीटर जाते, स्कूटर ४५. डिझेल बसचं ॲव्हरेज ऐकून कुणीही नाक मुरडेल: साडेतीनच्या आसपास. पण तिच्यात चाळीस माणसं असतात. माणसांचं ॲव्हरेज काढलं तर ते लिटरला १४० होतं.

समजा, एखाद्याची रोजची ये-जा ३० किलोमीटर आहे आणि वर्षात ३०० दिवस तो जातो. म्हणजे ९,००० किलोमीटर. एकट्याने पेट्रोल मोटार नेली तर वर्षाला १,४०० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. स्कूटरने साधारण ४६०. भरलेल्या डिझेल बसमध्ये त्याच्या वाट्याला पावणेदोनशे.

इथे हमखास प्रश्न येतो: मग इलेक्ट्रिक गाडी? तिची मोटर खरोखरच गुणी आहे. बॅटरीतल्या ऊर्जेपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास ऊर्जा चाकांपर्यंत पोचते. पण प्लगमागे तार आहे, आणि तारेच्या टोकाला चंद्रपूरसारखं केंद्र. २,९२० मेगावॉटचं हे औष्णिक केंद्र कोळशावर चालतं, आणि देशातली सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच आहे. सगळ्या प्रकारची वीज धरून एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. वाटेतली गळती धरली, तर तेवढ्याच ९,००० किलोमीटरला इलेक्ट्रिक मोटारीचा हिशेब ११०० किलोच्या घरात जातो. इलेक्ट्रिक स्कूटरचा सव्वादोनशेच्या आसपास.

हे आकडे शेजारी ठेवून पाहा. आजच्या विजेवर चालणारी मोटार साध्या पेट्रोल स्कूटरच्या दुपटीहून जास्त वायू सोडायला कारण होते. विहिरीतून तेल काढणं, शुद्ध करणं हा पेट्रोलचा आधीचा खर्च आणि बॅटरी बनवण्याचा खर्च धरला तरी स्कूटर मागे पडत नाही. यावरून इलेक्ट्रिक मोटार वाईट ठरत नाही. पेट्रोल मोटारीपेक्षा ती आजही बरी आहे, आणि विजेत सौर-पवन ऊर्जेचा वाटा वाढेल तशी तीच गाडी वर्षागणिक स्वच्छ होत जाईल. पेट्रोल गाडीच्या नशिबी ते नाही. पण गाडी कशावर चालते याच्याइतकंच ती केवढी आहे आणि तिच्यात किती जण बसलेत, हे मोजावं लागेल. एकट्या माणसासाठी दोन टनांची एसयूव्ही विजेवर चालवून प्रश्न सुटला असं म्हणणं मला पटत नाही.

इथेनॉलबद्दल थोडक्यात, कारण उसाच्या राज्यात तो विषय टाळता येणार नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून वीस टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. त्यातला कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असतो हे खरं. पण उसाला पाणी लागतं, खत लागतं, आणि दुष्काळी मराठवाड्यात ते पाणी कुठून येतं हे सर्वांना माहीत आहे.

आता जबाबदारी. भारतात माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, अमेरिकेत चौदा. औद्योगिक क्रांतीपासून आजवर साठलेल्या एकूण वायूत अमेरिकेचा वाटा सुमारे पाव, भारताचा तीन-चार टक्के. त्यामुळे आपल्याला उपदेश करण्याचा अधिकार श्रीमंत देशांना नाही, हे म्हणणं योग्यच आहे. मात्र दोन टन हेसुद्धा ॲव्हरेजच, आणि ॲव्हरेजमागे खूप काही लपतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९–२१ मध्ये देशातल्या शंभरपैकी आठच घरांत मोटार होती. त्या आठ घरांनी उरलेल्या ब्याण्णव घरांच्या कमी वापराआड उभं राहू नये. हे मी मोटार असलेल्या घरातून लिहितो आहे.

तेल कंपन्यांना तर या वायूचा परिणाम आधीच ठाऊक होता. १९७७ च्या जुलैमध्ये एक्सॉन कंपनीचे शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी व्यवस्थापनाला तेल-कोळसा जाळल्याने हवामान बदलत असल्याचं सांगितलं. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या काळात दर दशकाला सुमारे ०.२ अंश तापमानवाढीचे अंदाज बांधले, आणि ते अचूक ठरल्याचं २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. तरीही कंपनी अनेक वर्षं जाहीरपणे शंकाच पसरवत राहिली. पुढे २००० नंतरच्या दशकात बीपी या तेल कंपनीने जाहिरातींतून लोकांना विचारायला सुरुवात केली की तुमचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे तुमच्यामुळे हवेत जाणारा वायू, किती? ज्याने विकलं त्याने घेणाऱ्याकडे हिशेब मागितला. हा शब्द आज शाळेच्या प्रकल्पांत आहे. तो कोणी लोकप्रिय केला, हेही मुलांना सांगायला हवं.

कोणत्या वाहनाने जायचं ही निवड माझी, हेही अर्धंच खरं असतं. पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं. सायकली गेल्या त्या पुणेकर आळशी झाले म्हणून नव्हे. शहर हिंजवडी-वाघोलीपर्यंत पसरलं, रस्ते मोटारींसाठी रुंद होत गेले आणि सायकल चालवणाऱ्याला जीव मुठीत धरून जावं लागलं. २००६ च्या डिसेंबरमध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी इथेच सुरू झाली. बसला स्वतःची मार्गिका मिळाली. ती अर्धवट राहिली, तिच्यात वाहनं घुसली, आणि पुढे शहरात बीआरटीचे काही भाग उखडूनही टाकले. २०२२ पासून मेट्रो आहे. पण घरापासून स्टेशनपर्यंत नेणारी बस वेळेवर आली नाही, तर माणूस स्कूटरलाच किक मारणार. अर्धा तास बसची वाट पाहून कामाला उशीर झाल्यामुळे जिचा पगार कापला जातो, त्या बाईला तू स्कूटर का घेतलीस असं विचारण्याचा हक्क कुणालाही नाही.

म्हणून वाचकांना दोन गोष्टी सुचवतो. पुढची गाडी घेताना तिच्यात रोज किती जण बसणार ते आधी मोजा, आणि तेवढीच गाडी घ्या. आणि नगरसेवक भेटले की रस्ता कधी रुंद होणार हे विचारण्याआधी विचारा, आपल्या स्टॉपवर बस किती मिनिटांनी येते? उत्तर आकड्यात मागा.