कुंपणच शेत खातं तेव्हा

अलिबाग-पेणकडच्या खारपाटातल्या माणसासमोर जिताड्याचं नाव काढावं, की पुढची पंधरा मिनिटं दुसरा विषय निघत नाही. ताटातला जिताडा आपल्या ओळखीचा. पण मत्स्यबीज केंद्राच्या टाकीत हाच मासा बोटाच्या पेरापेक्षाही लहान असतो, तेव्हा त्याच्यावर जे संकट येतं ते फारसं कुणी पाहिलेलं नसतं. पिल्लं खाणं सोडतात, रंग काळवंडतो, आणि भोवऱ्यासारखी गरगर फिरत ती मरतात. मेंदूचा आणि डोळ्याच्या पडद्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर जागोजागी पोकळ्या दिसतात. हे काम बीटानोडाव्हायरसचं. आरएनएचे दोन तुकडे, दोन्ही मिळून साधारण ४,५०० अक्षरं, एवढीच त्याची सारी पोथी. दिवाळी अंकातला एखादा लेखही याहून मोठा असतो!

एवढ्याशा भांडवलावर तो अख्खा मेंदू पोखरतो कसा? आयत्या बिळावर नागोबा, हे त्याचं उत्तर. बीळ पेशीचं, आणि आत शिरायची वाटही पेशीनेच तयार ठेवलेली. हेकरू माशांच्या पेशींवर तैवानमध्ये झालेल्या कामातून २०१५ साली पुढे आलं, की हा विषाणू एचएससी७० या प्रथिनाला धरून आत शिरतो. पाच वर्षांनी चिनी संशोधकांनी मेडाका माशात एचएसपी९०एबी१ या दुसऱ्या प्रथिनाकडे बोट दाखवलं. दोन्ही प्रथिनं एरवी सुइणीची कामं करणारी. नव्याने घडणाऱ्या प्रथिनांना नीट आकार द्यायचा, बिघडलेल्यांना सावरायचं. त्यांच्याशिवाय पेशीचा दिवस जात नाही, म्हणून ती काढून टाकून रोग टाळावा म्हटलं तर पेशीच राहणार नाही. या साऱ्या विषयातली खरी अडचण हीच आहे.

विषाणू पेशीचीच प्रथिनं कामाला लावतो, हे बेडकांतही दिसतं. तिथली गोष्ट जुनी आणि थोडी गमतीची. बिबट्या बेडकाच्या मूत्रपिंडाला होणारा कर्करोग बाल्डुइन लुके यांनी १९३०च्या दशकात नोंदवला होता. त्यामागचा विषाणू शोधताना १९६०च्या दशकात मेम्फिसमध्ये ॲलन ग्रॅनॉफ यांच्या हाती दुसराच कुणी लागला: फ्रॉग व्हायरस-३. कर्करोगाशी त्याचा संबंध नव्हता. कर्करोगाचा खरा गुन्हेगार पुढे हर्पीसच्या कुळातला निघाला. पण चुकून सापडलेल्या या विषाणूवरूनच रानाव्हायरस हा सारा गट ओळखला जाऊ लागला, आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेने २००८ मध्ये उभयचरांमधला त्याचा संसर्ग कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातला.

नोडाव्हायरसच्या मानाने फ्रॉग व्हायरस-३ गडगंज. एक लाख पाच हजारांहून अधिक अक्षरं, शंभराच्या आसपास जनुकं. तरीही स्वतःच्या जनुकांचं पहिलं वाचन करायला त्याला बेडकाच्या पेशीकेंद्रातलं आरएनए पॉलिमरेज-२ उसनं घ्यावं लागतं. मग तो पेशीद्रवात मुक्काम हलवतो आणि तिथे आपला कारखाना मांडतो. त्या कारखान्याभोवती व्हिमेंटिन या प्रथिनाच्या तंतूंचं कडं पडतं. हे तंतू म्हणजे पेशीच्या सांगाड्याचे वासे. मला आधी वाटलं होतं, की पेशी शत्रूला कोंडते आहे. पण १९८०च्या दशकात संशोधकांनी व्हिमेंटिनविरोधी प्रतिपिंडं पेशीत टोचून ते कडं विस्कटलं, आणि विषाणूची पैदास घटली. म्हणजे कडं त्याच्याच सोयीचं होतं. घर फिरलं की वासेही फिरतात, ते हे असं.

पेशी अर्थात हात बांधून बसत नाही. पीकेआर नावाचं प्रथिन दुपदरी आरएनएचा वास लागताच ईआयएफ-२अल्फा या दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का मारतं, आणि प्रथिनं बनवण्याचं काम थंडावतं. माल नाही तर विषाणूही नाही. यावर काही रानाव्हायरसांनी ईआयएफ-२अल्फाची नक्कल बाळगली आहे. पीकेआर त्या तोतयाच्या मागे लागतं आणि खरं काम चालू राहतं. फ्रॉग व्हायरस-३मध्ये मात्र या तोतयाचा पुढचा भागच तुटलेला आहे. तरी त्याचं अडत नाही, त्याच्याकडे इतर युक्त्या आहेत.

वयाचा फरकही प्रथिनांतूनच येतो. झेनोपस या आफ्रिकी बेडकावर अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात वर्षानुवर्षं काम चालू आहे. प्रौढ बेडूक बहुधा काही आठवड्यांत विषाणू निपटून काढतो, भैरोळं मात्र मोठ्या संख्येने मरतात. त्यांच्या पेशींवर संसर्गाची खूण दाखवणारी एमएचसी प्रथिनं जेमतेम असतात, आणि इंटरफेरॉन या इशारा देणाऱ्या प्रथिनाची पहिली हाक उशिरा व क्षीण उठते. बरा झालेला बेडूकही पुरता मोकळा नसतो. त्याच्या मॅक्रोफेज पेशींत, म्हणजे चौकीदाराच्याच खोलीत, विषाणू दडून राहू शकतो आणि जिवाणूंमुळे त्या पेशी चेतल्या की पुन्हा डोकं वर काढतो.

व्यवहारात सर्वांत मोठं यश मिळालं ते सॅमनमध्ये. आयपीएन हा विषाणूजन्य रोग सॅमनची कोवळी पिल्लं आणि नुकतेच समुद्रात सोडलेले मासे मारतो. स्कॉटलंड आणि नॉर्वे इथल्या दोन गटांनी २००८-०९मध्ये दाखवलं, की रोगाला तोंड देण्यातला बराचसा आनुवंशिक फरक २६व्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेशी बांधलेला आहे. पैदासकारांनी ती खूण पाहून बीज निवडलं आणि नॉर्वेतले उद्रेक झपाट्याने उतरले. त्या जागी नेमकं कोणतं प्रथिन, याचं उत्तर नॉर्वेच्या गटाने २०१५ मध्ये दिलं: कॅडहेरिन-१, पेशीला पेशी चिकटवणारं, पृष्ठभागावरचं. विषाणू त्यालाच धरतो. प्रकरण मिटलं असं वाटत असतानाच एडिनबर्गजवळच्या रॉस्लिन संस्थेने शेजारचं एनएई१ हे जनुक पुढे केलं. ते पेशीतल्या प्रथिनांवर नेड-८ची चिठ्ठी चिकटवण्याच्या कामातलं. क्रिस्पर या जनुक-कात्रीने ते मोडल्यावर विषाणूची वाढ खूप घटली. दाराची कडी की आतला कारकून, असा हा वाद. मला रॉस्लिनचा पुरावा वजनदार वाटतो, कारण तिथे जनुक मोडून पाहिलं आहे. पण यातली गंमत अशी, की शेतकऱ्याला निकालासाठी थांबावं लागलं नाही. निरोगी बीज त्याच्या पिंजऱ्यात केव्हाच पोहोचलं होतं.

मासा माणसाच्या एक पाऊल पुढे असल्याचंही एक उदाहरण आहे. फ्रेंच संशोधकांना १९९९ मध्ये ट्राउट माशात, व्हीएचएस विषाणूच्या संसर्गानंतर जागं होणारं एक जनुक सापडलं. त्यांनी त्याला व्हिग-१ म्हटलं. त्याच्या मानवी भावंडाला २००१ मध्ये व्हायपेरिन हे आज रूढ असलेलं नाव मिळालं. ते नेमकं करतं काय, हे कळायला २०१८ उजाडलं: आरएनएच्या चार अक्षरांपैकी एकाची ते अशी खोटी प्रत बनवतं, की विषाणूने ती उचलली तर त्याची साखळी तिथेच तुटते.

आणि ताप. थंड रक्ताच्या माशाला ताप कसा यावा? तो स्वतःच ऊन पाण्याकडे जातो. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठात कार्प माशांना कोई हर्पीसव्हायरसची लागण करून वेगवेगळ्या तापमानाचे कप्पे जोडलेल्या टाकीत सोडलं. मासे ३२ अंशांच्या कप्प्यात जाऊन राहिले आणि वाचले. २४ अंशांत कोंडलेले मेले. उबेकडे जा, हा निरोप देणारं प्रथिन म्हणजे टीएनएफ-अल्फा, आपल्याही तापात हात असलेलं. विषाणूच्या ओआरएफ१२ या जनुकातून त्या निरोपालाच वाटेत पकडणारं खोटं ग्राही प्रथिन तयार होतं. ते जनुक काढून टाकलेल्या विषाणूने आजारी पडलेले कार्प लवकर ऊन पाण्याकडे वळले. ज्यांच्या विषाणूत ते शाबूत होतं, ते मासे विषाणूची पैदास होईपर्यंत थंड कप्प्यातच घुटमळत राहिले.